मुंगीच्या दातांचं माप

गल्लीत तिला सगळे बत्तीशीबाई म्हणत. समोर म्हणत, मागे म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. जी बाई एकवीस वर्षं दुसऱ्यांचे दात करते तिला आणखी काय म्हणणार. चौकापासून तिसऱ्या इमारतीच्या तळघरात, चष्म्याच्या दुकानाच्या बरोबर खाली, दातांची लॅब होती. शहरातले सात-आठ डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचं माप घेऊन तिथे पाठवत, आणि तिथून कवळ्या, टोप्या, प्लेटा तयार होऊन परत जात. डब्यावर नाव नसे, फक्त नंबर. माणूस वर रस्त्यावर कुठेतरी चालत असे आणि त्याचं तोंड इथे खाली टेबलावर उघडं पडलेलं असे, पांढरं, प्लास्टरचं, मुकं.

ती मेणावर काम करी. छोटा दिवा, त्यावर तापवलेलं हत्यार, त्याच्या टोकाला मेणाचा थेंब. थेंबावर थेंब चढवत दाढेचे उंचवटे उभे करायचे, मग कोरायचे, मग समोरची दाढ त्यावर टेकवून बघायची. शेजारच्या टेबलावर प्लास्टरकाका तोंडांच्या ठशांमध्ये, म्हणजे मापांमध्ये, प्लास्टर ओतून मॉडेल काढत. काका निवृत्तीला आले होते आणि त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या असत, वयाने की कामाने ते कुणालाच सांगता आलं नसतं. दुपारी काम सैल झालं की दोघांचा एक खेळ चाले.

"काका, ओळखा हा कोण."

काका मॉडेल उजेडात धरत. "वकील."

"कशावरून?"

"जबडा बघ केवढा. बोलून बोलून सैल झालाय."

"शिंपी आहे. पुढच्या दाताला बारीक खाच आहे बघा. दोरा दाताने तोडतो."

"तू आधीच चौकशी केली असशील."

"चारशे बारा नंबर. करा डॉक्टरांना फोन."

काकांनी एकदा खरंच फोन केला होता आणि खरंच शिंपी निघाला होता. तेव्हापासून ते पैज लावत नसत, नुसते कुरकुरत, की हिच्यासमोर जांभई द्यायचीही चोरी झाली आहे.

शिंपी, सुतार, बासरी वाजवणारे, नखं कुरतडणारे, सगळे तिला दातांवरून कळत. पण सगळ्यात आधी कळत ते झोपेत दात खाणारे. त्यांचा सुळा बघितला की पुरे. सुळ्याला टोक असायला हवं. यांच्या सुळ्याला टोकाऐवजी सपाट चकती असते, कुणीतरी कानशीने घासून काढल्यासारखी. अशांसाठी ती गार्ड करी, म्हणजे वरच्या दातांवर बसवायची काचेसारखी प्लेट. पूर्वी महिन्याला दोन असत, आता आठवड्याला पाच. गार्डने दात खाणं थांबत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणूस खातच राहतो, फक्त दातांऐवजी प्लेट झिजते. कुणी विचारलं असतं तर तिने ते सांगितलंही असतं. कुणी विचारत नसे.

घरी मुंगी होती. मुंगी दहा वर्षांची, हाडाने बारीक, आणि हातात घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय जागची न हलणारी, म्हणून मुंगी. इतर घरांत मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडतात. या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर मॉडेलं होती. मुंगी पाच वर्षांची झाली तेव्हा बत्तीशीबाईने गंमत म्हणून तिच्या वरच्या दातांचं माप घेतलं, आणि मग दर वाढदिवसाला घेत गेली. पाच मॉडेलं ओळीने, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने वय. पाचव्या वर्षीच्यात सगळे दुधाचे दात तांदळाच्या दाण्यांसारखे, सातव्यात मधोमध खिंडार, आठव्यात त्या खिंडारातून आलेले फावड्यांएवढे दोन दात. पाहुण्यांना ती फळी बघून कसंसंच व्हायचं. नवरा म्हणायचा, "लोकांकडे फोटो असतात, आमच्याकडे पुरावे."

माप घेण्याचा विधी ठरलेला होता. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मुंगी बसे, गळ्यात टॉवेल. गुलाबी भुकटी पाण्यात झरझर घोटून ट्रेमध्ये भरायची, ट्रे तोंडात बसवायचा आणि दोन मिनिटं दाबून धरायचा. "नाकाने श्वास घे. पायाचा अंगठा हलव, म्हणजे उमासा येत नाही. दुखलं तर हात वर कर." मुंगी अंगठा हलवी. हात तिने एकाही वर्षी वर केला नव्हता. बत्तीशीबाई हे लॅबमध्ये कौतुकाने सांगे: मोठमोठे बाप्ये खुर्चीतून उठून पळतात, माझी पोर हूं की चूं करत नाही.

यंदाच्या वर्षी मात्र घराला एक वेगळंच वारं लागलं होतं. वर्ष संपता संपता निवड परीक्षा होती. ती पार केली की नदीपलीकडची मोठी शाळा, नाही तर आहे तीच, जिच्या प्रयोगशाळेचं कुलूप कुणी उघडलेलं बत्तीशीबाईने कधी पाहिलं नव्हतं. तिने स्वतः शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं. ते ती कुणाला सांगत नसे, पण तेच तिला आत कुठेतरी चावत असे. फ्रिजवर तिने मोठा कागद चिकटवला होता, चौकोनाचौकोनांचा. एका चौकोनात अपूर्णांक, दुसऱ्यात नकाशे, तिसऱ्यात समानार्थी शब्द. झालेल्या चौकोनावर हिरवी फुली. तिला एका जागी बसवतच नसे. भांडी घासताना मान वळवून कागद बघायची, बघून झाला की पुन्हा बघायची. कपाटाचे खण काढून लावायची, लावलेले पुन्हा काढायची. बसमध्ये उभी असताना तिचे ओठ पुटपुटत: बारा आठवडे, बारा गुणिले सात, चौऱ्याऐंशी. आणि घरात तिच्या तोंडी दोनच शब्द उरले होते.

"झालं का?"

"झालं," मुंगी म्हणे.

"मग पुढचं."

शाळेने पालकांची एक सभा घेतली. समुपदेशक बाईंनी सगळ्यांना एकेक कागद दिला: ताण आला की डोळे मिटा, खोल श्वास घ्या, दहापर्यंत मोजा. सगळ्यांनी तिथेच करून बघायचं होतं. बत्तीशीबाईने डोळे मिटले आणि सहापर्यंत पोचली. सहावर तिला आठवलं की सहाचा पाढा मुंगी कधीकधी सहा नव्वेपाशी अडखळते. डोळे उघडले तर शेजारची जुळ्यांची आई तिच्याकडेच बघत होती.

"तुम्ही कितीपर्यंत गेलात?" तिने कुजबुजून विचारलं.

"सहा."

"नशीबवान आहात. माझे दोघे आहेत, मी तीनवरच अडकले."

नवरा खोक्यांच्या कारखान्यात पाळीवर जायचा. परीक्षेचा विषय निघाला की तो म्हणायचा, "होईल सगळं नीट," आणि न गळणारा नळ दुरुस्त करायला घ्यायचा. त्याची आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती. त्याची पावलं जिन्यावर यायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबायची आणि मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. दहा मिनिटं, कधी चौदा. मग दार वाजायचं. ती विचारायची नाही, पण तेवढ्या वेळात तिच्या हातून भांडी जरा जोरात आपटली जात.

मुंगीचा दहावा वाढदिवस असा त्या चौकोनांच्या मध्येच कुठेतरी आला. माप घेतलं. अंगठा हलला, हात मांडीवरच राहिला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने माप इतर डब्यांत ठेवलं आणि मेणाला लागली. काकांनी एकामागून एक प्लास्टर ओतलं, वाळू दिलं, आणि दुपारी एक मॉडेल उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"हे बघ. आज मी ओळखतो. पोर आहे, नऊ-दहा वर्षांचं. आणि या पोराच्या मागे घरात कुणीतरी हात धुऊन लागलंय."

"कशावरून?" मेणावरून नजर न उचलता तिने विचारलं.

"सुळे बघ ना. दुधाचेच आहेत, पण दोन्हींची टोकं साफ गेलीत. माझ्या आजोबांचेसुद्धा बरे होते. नंबर काय याचा, डब्यावर दिसत नाही."

तिने वर बघितलं. तिला नंबराची गरज लागली नाही. आठव्या वर्षीचे ते फावड्यांएवढे दोन दात तिने लांबूनच ओळखले.

"इकडे द्या," ती म्हणाली. "बघते मी नंबर."

मॉडेल तिने रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. दिव्यावर हत्यार तापून लाल झालं होतं. ते तिने मेणाला लावलं तर अर्धी दाढ वितळून ओघळली. सकाळपासूनचं काम गेलं.

त्या रविवारी दुपारी मुंगी पुस्तकावरच डोकं टेकून झोपली होती. बत्तीशीबाई जवळ जाऊन उभी राहिली. आधी काही नाही. मग आवाज आला, ओल्या फरशीवरून खुर्ची सरकवावी तसा, बारीक, थांबून थांबून. एवढ्याशा जबड्यातून तो आवाज येत होता यावर तिचा विश्वास बसेना. तिने फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं, मग मुंगीकडे, मग परत कागदाकडे. आता काहीतरी केलं पाहिजे, लगेच, आजच. आणि करायचं म्हटलं की तिच्या हातांना जे येत होतं तेच सुचलं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लॅबमधून गार्ड जात नाही, हा नियम तिनेच नव्या मुलींना शिकवलेला. तो तिने बाजूला ठेवला. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मान मोडून तिने गार्ड केला. इतकं नितळ काम तिच्या हातून वर्षभरात झालं नव्हतं. घरी आल्यावर मुंगीच्या दातांवर तो ठेवला, अंगठ्यांनी दाबला. टक्. केसभर फट नाही.

"कसा आहे?"

"छान," मुंगी म्हणाली. प्लेटमुळे तो शब्द थोडा ओला आला.

"एकदम फिट बसलाय. आता रोज झोपताना लावायचा. काही दुखणार नाही, काही झिजणार नाही."

त्या संध्याकाळी भांडी घासताना तिच्या नकळत ती गुणगुणायला लागली. कितीतरी महिन्यांनी. नवऱ्याने नळावरचा पाना खाली ठेवला आणि ऐकत राहिला. "कसली प्लेट?" एवढंच त्याने नंतर विचारलं. "दात नीट राहावेत म्हणून," ती म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने कागदावर दोन चौकोन वाढवले. तिच्या मनात त्याचं गणित सोपं होतं: झीज आता बंद झाली होती, म्हणजे थोडं जास्त चालेल.

पाच आठवडे गेले. हिरव्या फुल्या वाढत होत्या. मुंगी सराव परीक्षेत वर्गात तिसरी आली, मग दुसरी. ती हळू जेवायला लागली होती, घास डावीकडून उजवीकडे ढकलायची. सफरचंद अख्खं चावायची, ते आता कापून मागायला लागली. बोलणं कमी झालं होतं, पण अभ्यासातलं मूल कमीच बोलतं असं बत्तीशीबाईला वाटलं. लॅबमध्ये काका अधूनमधून विचारत, "त्या बिननंबरी पोराचं काय झालं गं?" ती म्हणे, "गार्ड दिला." काका भुवया उडवत, प्लास्टरची धूळ पडे. "पोराला गार्ड? कुठल्या डॉक्टरने?" ती दिव्याची वात सारखी करत बसे.

मग एका रविवारी सकाळी ती गार्ड ब्रशने धूत होती आणि बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. डावीकडे, मागच्या बाजूला, आतल्या कडेला. तिथे खरखर असणं शक्यच नव्हतं. ती कड तिने स्वतः घोटून आरशासारखी केली होती. तिने गार्ड खिडकीशी धरला. आत बारीक बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक, शेकड्यांनी, आणि कड तेवढ्या भागात पातळ झाली होती. दात असे घासत नाहीत. हे हत्याराचं काम होतं. पण असलं हत्यार लॅबमध्ये नव्हतं.

तिने मुंगीचं दप्तर उघडलं, कंपासपेटी उघडली. पेटीच्या तळाशी पांढरा भुगा होता, पिठीसारखा. कर्कटकाच्या टोकालाही तोच.

"मुंगे, इकडे ये. हे कुणी केलं?"

मुंगीने गार्डकडे बघितलं. "मी."

"कर्कटकाने?"

"हो. थोडं थोडं. रोज कंपासपेटीत घालून शाळेत न्यायचे, मधल्या सुट्टीत सगळे खेळायला गेले की."

"का पण?"

"तिथे लागत होतं. तू नाही का करत, कुठे लागलं की तेवढंच खरवडायचं, जास्त नाही. तसंच केलं."

"कधीपासून लागतंय?"

मुंगीने फ्रिजवरच्या कागदाकडे बघून हिशेब केला. "दशांश अपूर्णांक सुरू झाले तेव्हापासून."

बत्तीशीबाईनेही बघितलं. दशांश अपूर्णांकांवर हिरवी फुली होती, त्यांच्यानंतर चोवीस फुल्या.

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू म्हणाली होतीस फिट बसलाय." मुंगीने कंपासपेटी बंद केली. "आणि नंतर तू गाणं म्हणत होतीस."

तिने मुंगीचा ओठ वर केला. दुधाची दाढ हलत होती, पण पडली नव्हती. पडणार कशी, रोज झोपताना प्लेट तिला घट्ट धरून बसवत होती. आणि आतून येणाऱ्या नव्या दाढेला जागा मिळेना म्हणून ती हिरडीतून आडवी वाट काढत होती. हिरडी लाल, फुगलेली, बरोबर प्लेटच्या कडेखाली. एकवीस वर्षं ती मोठ्यांची तोंडं हाताळत आली होती. मोठ्यांचे दात जिथे असतात तिथेच असतात. हिच्या तोंडाचं माप तिने दर वर्षी घेतलं, दर वर्षी ते बदललेलं बघितलं, फळीवर ओळीने मांडलं, आणि तरी जणू ते आता कधीच बदलणार नाही असा गार्ड करून बसवला.

सोमवारी संध्याकाळी ती मुंगीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. अकरा वर्षं ती या बाईंचं काम करत होती, भेट दोनदाच झाली होती. बाईंनी मुंगीचं तोंड बघितलं, मग गार्ड उचलून उजेडात फिरवला.

"हे काम तुमचंच ना? फिनिशिंगवरून ओळखलं. कुणाच्या सांगण्यावरून केलं?"

"माझ्याच, मॅडम."

"या वयात कितीतरी मुलं झोपेत दात खातात. बहुतेकांचं आपोआप जातं. आणि वाढत्या तोंडाचं आज घेतलेलं माप पुढच्या महिन्यात चुकतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

बाईंनी गार्ड बाजूला ठेवला आणि पुन्हा मुंगीच्या तोंडात बघितलं.

"नवी दाढ थोडी तिरकी आलीय, होईल सरळ. ही दुधाची काढून टाकू." बाई मुंगीकडे वळल्या. "दुखलं तर हात वर कर हं."

बत्तीशीबाई खुर्चीच्या पायथ्याशी उभी होती. तिथून तिला मुंगीचे दोन्ही हात दिसत होते. बाईंनी कापसाने दाढ धरली. मुंगीच्या मुठी आवळल्या, बोटांची पेरं पांढरी झाली, बुटात अंगठा हलत होता, डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. हात वर गेला नाही. दाढ निघाली.

"वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग मुंगीच्या मुठींकडे बघून, "हिला हात वर करता येत नाही का?"

घरी परतताना मुंगीच्या मुठीत कागदात गुंडाळलेली दाढ होती. दुसरा मजला गेला, आणि वळणावर नवरा पायरीवर बसलेला होता, डबा शेजारी, पाठ भिंतीला. दोघींना बघून तो दचकला.

"तुम्ही इथे कशाला बसलात?" तिने विचारलं.

"बुटाची नाडी सुटली होती."

"बाबा, तुमच्या बुटाला नाडीच नाही," मुंगी म्हणाली. गालात कापूस होता, म्हणून ते फुगून बाहेर आलं.

बत्तीशीबाईने पिशवी खाली ठेवली. तिला चार शब्द सुनवायचे होते, जिभेवर आलेही होते, पण पाय इतके दुखत होते की ती त्याच्या शेजारी बसली.

"कधी दहा, कधी चौदा मिनिटं," ती म्हणाली.

"तू मोजतेस?"

"ऐकू येतं मला. पावलं थांबली की."

तो डब्याची कडी उघडझाप करत राहिला. "अगं, दार उघडलं की तू विचारतेस, आज कोणता चौकोन घेणार. दिवसभर यंत्राचा आवाज डोक्यात असतो. जरा तो उतरला की मग येतो वर."

"आणि मी कुठे जाऊन बसू?"

"इथेच की. पायऱ्या काय कमी आहेत?"

ती हसली नाही, पण उठलीही नाही. मुंगी दोघांच्या खालच्या पायरीवर बसली.

"मला माहीत होतं बाबा इथे बसतात ते," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात मी पेन्सिलींना टोकं काढते. सगळ्या. टोक असलेल्या पण."

वरच्या कुणाच्या तरी घरातून दार लागल्याचा आवाज आला. बत्तीशीबाईने विचारलं, "मुंगे, तुला ती परीक्षा द्यायची नसेल तर तसं सांग."

"द्यायचीय ना."

"मग दात कशाला खातेस गं?"

"मला काय माहीत. झोपलेली असते मी." तिने कापूस जिभेने सरकवला. "फक्त माझं गणित बरोबर आलं की तू लगेच पुढचं बघतेस. आधी ते जरा बघ ना. बरोबर आलेलं."

एवढंच ती म्हणाली आणि कागद उघडून दाढ बघायला लागली. दाढेचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. नवरा वाकून बघत म्हणाला, "केवढीशी आहे." तिघंही तिथे किती वेळ बसली ते कुणी मोजलं नाही.

याचा अर्थ दुसऱ्या दिवसापासून सगळं शांत झालं असा नाही. वाढवलेले दोन चौकोन तिने खोडले, पण खोडल्यावर तिचा जीव अर्धा झाला आणि लॅबमध्ये दिवसभर ते खोडलेले चौकोनच दिसत राहिले. "झालं का" तोंडात यायचंच. अर्ध्यावर ती ते गिळायची आणि "काय केलंस दाखव" म्हणायची, म्हणताना आवाज परका वाटायचा. मुंगीने वही पुढे केली की ती बरोबर आलेल्या गणिताकडे बघत बसायची. बरोबर आलेल्या गणितात काय बघायचं हे तिला कळत नसे. तरी बघायची. काकांना तिने खरं सांगून टाकलं. काका प्लास्टर घोटत होते. "तेव्हाच ओळखलं होतं मी," ते म्हणाले. "तू त्या दिवशी दाढ वितळवलीस. तुझ्या हातून दाढ वितळते का कधी?"

पुढच्या रविवारी मुंगी फळीपाशी उभी राहून मॉडेलं बघत होती. परीक्षेला सोळा दिवस उरले होते.

"आई, तुझं कुठाय?"

"माझं कसलं?"

"माप. सगळ्यांचं घेतेस. तुझं कधी घेतलं?"

कधीच नाही. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग खुर्चीवर ती बसली, टॉवेल तिच्या गळ्यात. नवरा जिन्यावरचा दिवा बदलतो म्हणून बाहेर गेला होता. दिवा बदलायला एवढा वेळ लागत नाही हे आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुंगीने भुकटी पाण्यात घातली आणि जीभ बाहेर काढून जोरजोरात घोटली. गुठळ्या राहिल्या होत्या. एरवी तिने भांडं हातातून ओढून घेतलं असतं. तिने आपले हात मांडीखाली दाबून धरले. मोठा ट्रे भरला.

"नाकाने श्वास घे," मुंगी म्हणाली. "पायाचा अंगठा हलव. दुखलं तर हात वर कर."

ट्रे आत गेला, थंड, जड. मुंगीने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. उजवीकडे ट्रेची कड हिरडीत रुतली, जिथे तिची एक दाढ कित्येक महिने ठणकत होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ठणक कानापर्यंत गेली. दोनच मिनिटं आहेत, तिने स्वतःला सांगितलं. पोर एवढी दाबून धरतेय, गुठळ्या असल्या तरी माप बरं येईल. अंगठा हलव. तिने अंगठा हलवला. आकडे मोजले, सहापर्यंत आली.

मुंगी तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती तिच्या हातांकडे बघत होती, टक लावून.

बत्तीशीबाईने मांडीखालून उजवा हात काढला. तो वर न्यायला तिला इतके कष्ट पडले, जणू तो तिचा नव्हताच. छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, मग डोक्याच्या वर गेला आणि तिथे राहिला.

मुंगीचे अंगठे थांबले. तिचे डोळे मोठे झाले. हात वर झाल्यावर काय करायचं ते या घरात कुणाला शिकवलेलंच नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

"बाबा," तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "आईने हात वर केलाय. आता काय करायचं असतं?"

जिन्यावर पावलं उठली आणि भराभर वर यायला लागली. बत्तीशीबाईच्या तोंडातून गुलाबी ओघळ टॉवेलवर उतरत होता. तिने हात खाली घेतला नाही.